चंद्रास्थीचा रक्तपुरवठा आणि कीनबॉकचा विकार : कारणमीमांसेचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या विकाराला नाव मिळाले की त्याचे कारणही उमगले, असा समज सहज रूढ होतो. मनगटातील चंद्रास्थीच्या विकाराचा इतिहास या समजाला छेद देतो. व्हिएन्ना येथील क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट कीनबॉक (१८७१-१९५३) यांनी १९१० मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले व पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. मात्र हे हाड का मरते, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आजही मिळालेले नाही. हा विकार प्रामुख्याने तरुण व मध्यम वयाच्या, विशेषतः अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत आढळतो. त्यामुळे कारणाचा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. कष्टकऱ्याच्या उपजीविकेशीही तो निगडित आहे. प्रस्तुत निबंधात या कारणमीमांसेच्या प्रमुख टप्प्यांचा परामर्श घेतला आहे.

चंद्रास्थीची रचना

मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत मांडलेली असतात. कोपराकडील रांगेच्या मध्यभागी चंद्रकोरीच्या आकाराची चंद्रास्थी असते. हाताकडून येणारा भार तिच्यामार्फत प्रकोष्ठाच्या हाडांकडे जातो. तिचा बहुतांश पृष्ठभाग सांध्याच्या उपास्थीने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास फारच थोडी जागा उरते. तळहाताकडील व हाताच्या पाठीकडील अशा दोन अरुंद भागांतूनच त्या प्रवेश करतात. भार मोठा आणि पोषणाच्या वाटा मोजक्या, ही या हाडाची मूलभूत अडचण होय.

शवविच्छेदनापासून क्ष-किरणांपर्यंत

दबून गेलेल्या चंद्रास्थीची नोंद फ्रान्समध्ये पेस्त यांनी १८४३ मध्येच केली होती. तथापि ती शवविच्छेदनातील नोंद होती. मृत देहातील हाडाची अंतिम अवस्था त्यांना दिसली. ती अवस्था कोणत्या क्रमाने आली, हे दिसणे शक्य नव्हते. त्यांनी तिचा अर्थ अस्थिभंग असा लावला.

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत रुग्णाचे हाड पाहणे शक्य झाले. दुखणाऱ्या मनगटांच्या क्ष-किरणचित्रांत चंद्रास्थी दाट दिसते व पुढे दबत जाते, हे कीनबॉक यांनी दाखविले. त्यांच्या मते आघातामुळे अस्थिबंध व रक्तवाहिन्या फाटून हाडाचे पोषण खुंटते, ते मृदू होते व नंतर दबते. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, क्ष-किरणांनी हाड दाखविले. रक्तवाहिन्या दाखविल्या नाहीत. रक्तपुरवठा तुटतो हे प्रत्यक्ष निरीक्षण नव्हते, तर निरीक्षणावरून काढलेले अनुमान होते.

हाडांच्या लांबीचा सिद्धान्त

१९२८ मध्ये स्वीडनमधील हुल्टेन यांनी प्रश्न वेगळ्या दिशेने नेला. प्रकोष्ठातील दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचे हाड तुलनेने आखूड असण्याचे प्रमाण त्यांना निरोगी मनगटांत सुमारे एक-चतुर्थांश, तर रुग्णांत सुमारे तीन-चतुर्थांश आढळले. अशा रचनेत अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची कड चंद्रास्थीवर अधिक दाब देते, असे अनुमान त्यातून निघाले. अंगठ्याच्या बाजूचे हाड आखूड करण्याच्या किंवा करंगळीच्या बाजूचे हाड लांब करण्याच्या शस्त्रक्रिया याच विचारातून रूढ झाल्या.

पुढील काळात मात्र या सिद्धान्ताच्या पायाचीच फेरतपासणी झाली. वय व लिंग यांनुसार दोन हाडांच्या लांबीतील फरक बदलतो, हे १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणातही हा संबंध सिद्ध करण्यास उपलब्ध पुरावा अपुरा ठरला. तरीही हाडाची लांबी बदलण्याच्या शस्त्रक्रिया आजही केल्या जातात व अनेक रुग्णांच्या वेदना त्यांमुळे कमी होतात. उपचार लाभदायक ठरणे आणि त्यामागील कारणमीमांसा सिद्ध होणे, या दोन भिन्न बाबी आहेत.

रक्तवाहिन्यांचा प्रत्यक्ष अभ्यास

शवांच्या हातांतील रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य भरून केलेल्या अभ्यासांनी कीनबॉक यांच्या अनुमानाची परीक्षा घेतली. गेल्बरमन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये चंद्रास्थीच्या अंतर्गत वाहिन्यांचे वाय, आय आणि एक्स या इंग्रजी अक्षरांसारखे तीन आकृतिबंध वर्णिले. बहुतेक हाडांना दोन्ही बाजूंनी रक्त मिळते, हेही या अभ्यासातून दिसले. म्हणून बाहेरची एखादी वाहिनी तुटण्यापेक्षा, वारंवार पडणाऱ्या दाबाने हाडाच्या आतील वाहिन्या खंडित होणे अधिक संभाव्य मानले गेले. १९९० च्या दशकात हाडाच्या आतील दाब मोजण्यात आला, तेव्हा मनगट मागे वाकविल्यावर चंद्रास्थीतील दाब वाढतो असे आढळले. त्यामुळे रक्त आत पोहोचण्याइतकाच ते बाहेर पडण्याचा मार्गही विचारात घेणे आवश्यक ठरले.

श्रम आणि उत्तरदायित्व

या वादाला सामाजिक बाजूही आहे. जर्मनीत १९२९ मध्ये दाबित हवेवर चालणाऱ्या अवजारांमुळे होणारे हाडांचे व सांध्यांचे विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत समाविष्ट झाले. कारण श्रमात आहे असे ठरले, तर भरपाईचा प्रश्न उद्भवतो. ते जन्मजात हाडांच्या रचनेत आहे असे ठरले, तर तो भार रुग्णावरच पडतो. श्रम आणि हा विकार यांतील संबंधाचा पुरावा पुढे अपुरा मानला गेला. परंतु पुरावा अपुरा असणे म्हणजे संबंध नसल्याचे सिद्ध होणे नव्हे.

निष्कर्ष

शवविच्छेदनाने अस्थिभंग दाखविला, क्ष-किरणांनी मृदू होऊन दबणारे हाड दाखविले, मोजमापांनी लांबीतील फरक दाखविला, तर रंगद्रव्याने वाहिन्यांचे जाळे दाखविले. प्रत्येक साधनाने आपल्याला दिसणारा अंश हेच कारण मानण्याचा मोह निर्माण केला. आज हाडाची ठेवण, भार व रक्ताभिसरण या घटकांचा एकत्रित विचार केला जातो. हा इतिहास चुकीच्या मतांच्या जागी योग्य मत येण्याचा नाही. अपुरी दर्शने एकमेकांना पूरक ठरण्याचा आहे. कीनबॉक यांचे नाव या विकाराच्या ज्ञानाची सुरुवात दर्शविते, समाप्ती नव्हे.