टिपणं : बंदुकीचं आणि कॅमेऱ्याचं
(बडोद्याच्या रानवाटांचा एक हौशी इतिहास)

बडोद्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे विषय ठरलेले असतात. सयाजीराव महाराज, त्यांची ग्रंथालयं, दरबारचं गाणं, आखाडे, दांडिया बाजारातली जुनी घरं. हे सगळं लिहायलाच हवं आणि लिहिलंही जातं. पण या शहराभोवतीची पाणथळं, माळ, नदीचे काठ आणि तिथली जनावरं यांनाही इतिहास आहे. तो बराचसा फोटोंमध्ये आहे, आणि ते फोटो हौशी माणसांच्या घरात, पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत. पन्नासेक वर्षं मी स्वतः ही हौस केली. पोटापाण्याला शाळेतली मास्तरकी आणि रविवारी सायकलवर कॅमेरा. त्या अनुभवातून हे टिपण लिहितो आहे.

सुरुवात एका मराठी क्रियापदापासून करू. 'टिपणे'. पाखरू दाणे टिपतं, शिकारी सावज टिपतो, आणि फोटोवालाही हरीण कॅमेऱ्यात टिपतो. भाषेनं बंदुकीचा शब्द जसाच्या तसा कॅमेऱ्याच्या हातात दिला. बडोद्यात नुसता शब्दच असा हस्तांतरित झाला नाही, रानात वावरायची अख्खी विद्याच शिकाऱ्यांकडून आमच्याकडे आली.

गायकवाडांच्या दरबारी शिकारीचा मोठा शौक होता. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६० च्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्यात पाहुणा म्हणून राहून गेला. त्याचं हिंदुस्थानातल्या संस्थानांवरचं जाडजूड सचित्र पुस्तक १८७५ मध्ये निघालं. त्यात हत्तींच्या साठमारीचं वर्णन आहे, तसंच पाळीव चित्त्यांकडून केलेल्या काळविटांच्या शिकारीचंही आहे. रूसले स्वतः फोटो काढत असे. पण त्या काळी काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते ओलं असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद उजेड द्यायचा आणि लगेच तंबूत नेऊन धुवायची, असा सगळा खटाटोप होता. वाडा, देऊळ, स्थिर बसलेला सरदार यांचे फोटो त्यात निघत. धावणारा चित्ता कसा निघणार? म्हणून अशा पुस्तकांतली शिकारीची दृश्यं कोरीव चित्रांच्या रूपात येतात. त्या काळच्या फोटोत जनावर स्थिर हवं असेल तर ते मेलेलं असावं लागे. जुन्या संस्थानी फोटोंत पायाशी पडलेला वाघ आणि बाजूला बंदूक घेतलेले पाहुणे सारखे दिसतात. त्यामागे मिरवण्याची हौस तर होतीच, पण कॅमेऱ्याची मर्यादाही होती.

चित्त्याच्या शिकारीची पद्धत मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याला बैलगाडीवर बसवायचं आणि गाडी कळपाच्या जवळ हळूहळू न्यायची. काळवीट चालत्या माणसाला बुजतं, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. त्यामुळे गाडी बरीच जवळ येईपर्यंत कळप चरत राहतो. मग टोपी काढायची. आता हीच युक्ती आम्ही कशी वापरली पाहा. शेताच्या बांधावरून पायी गेलं की सारस शंभर पावलांवरूनच चालू लागतो. पण उसाच्या किंवा कडब्याच्या गाडीआडून गेलं तर मान वर करून पाहतो आणि पुन्हा खाली घालतो. डभोईच्या बाजूला मला काढता आलेले सारसाचे पहिले बरे फोटो एका पटेलकाकांच्या बैलगाडीवरून काढलेले आहेत. काका गुजरातीत सारखं एकच सांगायचे, "मास्तर, नीचे न उतरता." आजही अभयारण्यात जीपमधून उतरू देत नाहीत, त्यामागच्या कारणांपैकी एक हेच आहे.

चित्ता मात्र राहिला नाही. हिंदुस्थानातले शेवटचे म्हणून सांगितले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये मध्य हिंदुस्थानातल्या कोरिया संस्थानात मारले गेले आणि १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे २०२२ मध्ये ग्वाल्हेरच्या बाजूला कुनोत आफ्रिकेतले चित्ते आणले, ती गोष्ट वेगळी. काळवीट ज्याला पाहायचं आहे त्यानं भावनगरजवळच्या वेळावदरला जावं. तिथलं गवताळ रान भावनगर संस्थाननं राखलं होतं.

बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलायची कल्पना एका दिवसात रुजली नाही. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार लावली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगाट होऊन त्याचा त्यानंच फोटो काढलेला असायचा. त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. ते वाचून कित्येकांना पहिल्यांदा कळलं, की जिवंत वाघाचा फोटो काढणं हे त्याला मारण्यापेक्षा अवघड काम आहे. जिम कॉर्बेटही त्यांच्यामुळेच कॅमेऱ्याकडे वळले. पण चॅम्पियनसाहेबांकडे जंगल होतं, हत्ती होते, साधनं होती. आमच्यासारख्या पगारदारांच्या हाती कॅमेरा यायला आणखी तीस-पस्तीस वर्षं गेली. आणि तो आला तो आमच्याच गावातून.

हे पुष्कळांना माहीत नसतं. साठ-सत्तरच्या दशकांत देशभर मध्यमवर्गाच्या घराघरांत जो आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता, तो बडोद्यातल्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत तयार होत असे. काळा, हलका डबा. एकशेवीस नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. शटरची गती एकच. उन्हासाठी सूर्याची खूण, ढगाळ हवेसाठी ढगाची. मुंज, लग्न, सहल, बाळाचं बारसं यासाठी उत्तम. पक्ष्यासाठी अगदीच कुचकामी, कारण त्याच्या भिंगातून वीस हातांवरचा बगळा म्हणजे पांढरा ठिपका! वडिलांनी १९६८ साली घरात तो आणला, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. एका रोलचे बारा फोटो, त्यातले दहा नातेवाइकांचे आणि दोन माझे, असा घरचा नियम होता.

त्या दोन फोटोंनी मला रानात चालायला शिकवलं असं मी म्हणेन. दोनच बार असले की माणूस थांबतो. पक्षी कुठे बसतो, किती वाजता येतो, ऊन कुठून पडतं हे आधी पाहतो. पुढे रशियन झेनिट आला, पूर्व जर्मनीचे ओरवो रोल आले, परदेशातल्या कुणा मेव्हण्याकडून दूरची लांब भिंग आली. आयात भिंगांच्या किमती पगाराच्या पटीत मोजाव्या लागत, म्हणून तिघांत एक भिंग आणि पाळी लावून वापर. पण सवय क्लिक थ्रीची लागली होती ती सुटली नाही.

आता आमच्या तीर्थक्षेत्राकडे वळतो. डभोई तालुक्यातलं वढवाणा. सयाजीरावांच्या राजवटीत, १९१० च्या सुमारास, ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा घातला आणि कालव्यानं तिचं पाणी वढवाण्याच्या तलावात आणलं. हेतू शुद्ध शेतीचा. पाऊस दगा देतो, तेव्हा आसपासच्या गावांना पाणी मिळावं. पक्ष्यांचा विचार कुणी केला असेल असं कागदांवरून वाटत नाही. पण उथळ, पसरट तलाव आणि त्याभोवती भिजणारी भातशेती म्हणजे पाणपक्ष्यांना आयतं आवतण. हिवाळ्यात पिकांना पाणी सुटतं तशी तलावाची कड मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या चिखलात तुतवार, शेकाटे चोची खुपसू लागतात. मध्ये जरा खोल पाण्यात पाणवनस्पती. त्यांवर मोठी लालसरी येते, केशरी डोक्याचं आणि लाल चोचीचं बदक. पश्चिम भारतात ते एरवी विरळाच दिसतं, पण वढवाण्याला दर हिवाळी हमखास. २०२१ मध्ये या ६३० हेक्टरच्या तलावाला रामसर यादीत जागा मिळाली. मध्य आशियातून येणाऱ्या ८० हून अधिक जातींच्या पक्ष्यांचा तो मुक्काम आहे. राजाच्या पाटबंधाऱ्यानं शंभर वर्षांत आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ घडवलं, असं उदाहरण सयाजीरावांच्या कामांच्या यादीत क्वचितच लिहिलं जातं. आपण लिहायला पाहिजे.

तशीच गोष्ट शहरातल्या मगरींची. विश्वामित्रीच्या पात्रात, भर वस्तीतून, मगरी राहतात. पूर आला की त्या रस्त्यावर येतात आणि मग सगळीकडे त्यांचे फोटो झळकतात. आम्ही मात्र त्यांना हिवाळ्यात पाहतो. सकाळी नऊ-दहाला ऊन चढलं की मगर काठाच्या मातीवर येऊन पडते, तोंड उघडं ठेवून. लांबून, पुलावरून, तिला न बिथरवता फोटो काढता येतो. मी शाळेतल्या मुलांना आधी तिथेच नेत असे. जनावर पाहायला गीरपर्यंत जायला लागत नाही, हे त्यांना कळायला हवं होतं.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो.

माझ्याकडे १९८३ सालच्या डिसेंबरातले गिधाडांचे तीन फोटो आहेत. शहराबाहेर मेलेली ढोरं टाकत तिथले, कृष्णधवल. एका बैलाच्या सांगाड्याभोवती पांढऱ्या पाठीची गिधाडं. मोजली तर ४१ भरतात, आणि चौकटीबाहेर किती असतील कोण जाणे. गिधाडाचा फोटो तेव्हा कोण काढी? रोल महाग, वास असह्य, आणि ती तर रोजचीच. माझ्यासोबत सायकलवर येणाऱ्या दोघांनी नाकाला रुमाल लावून पुढची वाट धरली होती. पुढे दहा-पंधरा वर्षांत हे दृश्य नाहीसं झालं. ढोरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखणं कमी करणारं औषध, ते मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, असं २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. आज माझ्या नातीला हे फोटो दाखवले तर ती विचारते, "आजोबा, हे कुठल्या देशातलं?"

तिचा प्रश्न ऐकून मला वाटलं, हा फोटो आता निसर्गाचा राहिला नाही, इतिहासाचा झाला. मोडी कागदाला जसं आपण जपतो तसं याला जपलं पाहिजे. सलीम अलींनी गुजरातेतल्या पक्ष्यांची जी मोठी नोंद केली, ती १९५४-५५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. ती आपली बखर. पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा गावगाडा, म्हणजे कुठल्या तळ्यात कुठला पक्षी किती साली शेवटचा दिसला, कुठला माळ कधी प्लॉटिंगमध्ये गेला, हे हौशी लोकांच्या रोलांवर आहे. १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिचे आकडे मिळतात. पण आकड्याला चेहरा फोटोच देतो, आणि फोटोला किंमत येते ती त्याच्यामागच्या तारखेनं.

दुर्दैवानं हे डबे आता झपाट्यानं जात आहेत. आमच्या पिढीतली माणसं जातात, फ्लॅट विकला जातो आणि निगेटिव्ह भंगारात. गेल्याच वर्षी माझ्या एका दिवंगत मित्राची पस्तीस वर्षांची पारदर्शिका-पेटी अशीच गेली. मुलगा परदेशात, घर रिकामं करायला चार दिवस. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यात काय होतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पेटीत डभोईच्या बाजूचे माळढोकाचे दोन फोटो होते, ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. आता माझ्या शब्दाखेरीज त्याला पुरावा नाही, आणि इतिहासात नुसत्या शब्दाला फार वजन नसतं.

म्हणून मंडळींना विनंती. माळ्यावर चढा. वडिलांचे, काकांचे, शेजारच्या अण्णांचे डबे खाली काढा. फोटो चांगला आला आहे की नाही हे बघू नका, धूसर बगळाही चालेल. पाकिटावर शिसपेन्सिलीनं चार गोष्टी लिहा : काय, कुठे, कधी, कुणी काढला. पक्कं साल आठवत नसेल तर 'अमक्याच्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात' असंही लिहा, त्यावरून साल काढता येतं. रोल ओलीपासून दूर, कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये घुसमटवू नका. मग ते स्कॅन करून ठेवण्याची व्यवस्था आपण मिळून करू.

आणि जे आज मोबाइलवर दिवसाला दोनशे फोटो काढतात त्यांना एवढंच : तुमच्या घरामागच्या बाभळीवरची चिमणी, नाक्यावरची घार, गटारावरचा वारकरी पक्षी हेही काढून ठेवा. जे रोजचं आहे तेच आधी विसरलं जातं. माझ्या १९८३ च्या त्या तीन फोटोंतलं सगळंच रोजचं होतं.