चाऱ्यापासून विजेपर्यंत

इ. स. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास राज्य करू लागले, तेव्हा मराठी स्वाराच्या घोड्यास चारा याच भूमीने पुरविला. १८८२ मध्ये नागपुराहून आगगाडी राजनांदगावास पोहोचली. तिचे खाद्य कोळसा. आज नवा रायपुरात बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या दारी विजेची मोटार दिसते. २०२० मध्ये विक्रीस आलेल्या टाटांच्या विद्युत् नेक्सॉनच्या बॅटरीत ३०.२ किलोवॉट-तास वीज मावे. घरच्या १५ अँपिअरच्या जोडणीवर ती भरावयास सारी रात्र जाई. डिसेंबर २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी घरी मोटार भरण्यास मुभा दिली खरी. परंतु परक्या घराच्या भिंतीतून नवी तार ओढावयाची, तर घरधन्याची संमती लागते, आणि बदलीचा हुकूम आला की ती तार तेथेच राहते.

शिवाय छत्तीसगडची वीज मुख्यत्वे कोळशाचीच. कोरब्याच्या राष्ट्रीय औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. धूर तिकडे, स्वच्छ मोटार इकडे! घोड्याचा चारा कोणत्या रानातून आला, हे स्वारास ठाऊक असे. पाहुणचार घेणाऱ्या आपणांसही आपल्या विजेचे रान ठाऊक असावे.