समांगता

एखाद्या पदार्थाचा, अवकाशाचा किंवा समूहाचा कोणताही भाग घेतला तरी विचाराधीन गुणधर्म सर्वत्र सारखाच आढळणे, या स्थितीला समांगता असे म्हणतात. याउलट स्थितीला विषमांगता म्हणतात. व्याख्या सोपी असली तरी ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: कोणता गुणधर्म पाहिला जात आहे आणि 'भाग' केवढा घेतला आहे. या दोन गोष्टी न सांगता 'अमुक वस्तू समांगी आहे' असे म्हटल्यास त्या विधानाला निश्चित अर्थ राहत नाही. विविध ज्ञानशाखांत या संज्ञेवरून झालेले बरेचसे मतभेद भाग केवढा घ्यावा, याविषयीचे आहेत.

शब्द व पर्याय

शालेय विज्ञानात 'समांगी' व 'विषमांगी' हे शब्द रूढ आहेत. बोलण्यात व समाजशास्त्रीय लेखनात 'एकजिनसी' हा शब्द अधिक आढळतो, तर गणितात 'समघाती' वापरतात. 'एकजिनसी'मधील 'जिन्नस' हा शब्द अरबी 'जिन्स'वरून आला असून तो मुळात ग्रीक 'गेनोस' (कूळ, प्रकार) या शब्दाकडे जातो. इंग्रजी 'होमोजिनिअस'चा उत्तरार्धही त्याच 'गेनोस'पासून झाला आहे. त्यामुळे घरगुती वाटणारा 'एकजिनसी' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने मूळ संज्ञेच्या सर्वांत जवळचा ठरतो.

रसायनशास्त्र

पाण्यात विरघळलेले मीठ हे समांगी मिश्रणाचे नेहमीचे उदाहरण आहे. द्रावणाच्या कोणत्याही थेंबात मिठाचे प्रमाण तेच असते. वाळू आणि पाणी हे विषमांगी मिश्रण होय. दुधाबाबत मात्र घोटाळा होतो. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असे छापलेले असते आणि पाठ्यपुस्तक दुधाला विषमांगी मिश्रण म्हणते. दोन्ही विधाने आपापल्या मापात बरोबर आहेत. कच्च्या दुधातील स्निग्धगोल सरासरी तीन ते चार मायक्रोमीटर व्यासाचे असतात व हलके असल्याने वर येऊन सायीचा थर करतात. ऑग्यूस्त गोलँ या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत दूध उच्च दाबाखाली अरुंद फटीतून ढकलले जाते. त्यामुळे गोल फुटून बहुतेक एक मायक्रोमीटरच्या आत येतात आणि दुधात पसरून राहतात. ग्राहकाच्या दृष्टीने असे दूध एकजिनसी होते, पण सूक्ष्मदर्शकाखाली स्निग्धांश व पाणी वेगळेच दिसतात. साय साठवून लोणी काढणाऱ्या घरांत हे दूध नापसंत असते, त्याचे कारणही हेच.

पोलाद आणि खारजमीन: डोलवीचे उदाहरण

समांगतेची कसोटी प्रत्यक्ष व्यवहारात कशी लागते, हे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी परिसरात दोन अगदी भिन्न संदर्भांत दिसते. आंबा नदीच्या व धरमतर खाडीच्या काठी असलेल्या या गावी मोठा पोलाद कारखाना आहे, तर सभोवती खारजमिनीतील भातशेती आहे.

हा कारखाना पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यू समूहाने तो ताब्यात घेण्याचे जाहीर केले. पुढील विस्तारानंतर त्याची वार्षिक क्षमता एक कोटी टनांवर गेली. अशा कारखान्यात समांगतेचा प्रयत्न कच्च्या मालापासूनच सुरू होतो. निरनिराळ्या खाणींतील लोहखनिजाचा कस वेगवेगळा असतो. म्हणून ते लांब ढिगात एकावर एक पातळ थरांनी पसरतात आणि उचलताना ढीग आडवा कापतात, म्हणजे प्रत्येक काप सर्व थरांचा थोडाथोडा अंश घेऊन येतो. वितळलेल्या पोलादात आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडून ते ढवळले जाते, त्यामुळे तापमान व मिश्रधातूंचे प्रमाण सर्वत्र सारखे होते.

खरी अडचण पोलाद गोठताना येते. प्रथम घट्ट होणारा भाग तुलनेने शुद्ध असतो. कार्बन, गंधक, फॉस्फरस व मँगनीज ही मूलद्रव्ये उरलेल्या द्रवात साचत जातात आणि शेवटी गोठणाऱ्या मध्यभागी त्यांचे प्रमाण वाढते. स्लॅब जितकी जाड, तितका गोठण्यास वेळ अधिक आणि ही विभागणीही अधिक. नेहमीची स्लॅब सुमारे २०० ते २५० मिलिमीटर जाड असते. डोलवीत वापरल्या जाणाऱ्या सीएसपी या पद्धतीत ती साधारण ५० ते ७० मिलिमीटरच असते व झपाट्याने गोठते. नंतर ती लांब बोगद्यासारख्या भट्टीतून नेतात, जेणेकरून टोकापासून टोकापर्यंत तापमान एकसारखे राहील आणि लाटलेल्या पत्र्याची जाडी व ताकद जागोजागी बदलणार नाही. एवढे करूनही तयार पोलाद सूक्ष्म पातळीवर विषमांगीच असते. सामान्य मृदू पोलादात फेराइट व पर्लाइट हे दोन घटक शेजारी शेजारी असतात, आणि पोलादाची उपयुक्तता बऱ्याच अंशी त्या सूक्ष्म रचनेवर अवलंबून असते. अभियंत्याला हवी असलेली समांगता पत्र्याच्या मापावरची असते, कणाच्या मापावरची नव्हे.

कारखान्यात माल मिसळून समांगी करता येतो, शेत मात्र तसे करता येत नाही. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे व पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, या पद्धतीने पेण परिसरातील खारजमिनी लागवडीखाली आल्या. अशा बंधाऱ्यांचा विकास व देखभाल यांसाठी राज्यात १९७९ चा खार जमिनी विकास अधिनियम आहे. या जमिनीत क्षार सारखे पसरलेले नसतात. बांधाला लागून, पाझराच्या जागी व सखल भागात ते अधिक असतात आणि उन्हाळ्यात पांढऱ्या थराच्या रूपाने दिसतात. माती तपासणीसाठी मात्र शेतातील अनेक ठिकाणची माती एकत्र करून एकच नमुना देण्याची प्रथा आहे. समजा, दहा ठिकाणांपैकी नऊ ठिकाणी विद्युतवाहकता दोन डेसीसायमेन प्रति मीटर व एका ठिकाणी १६ आहे. मिश्र नमुन्याचा आकडा सुमारे ३.४ येईल. चारपेक्षा कमी असल्याने ती जमीन अहवालात क्षारयुक्त ठरणार नाही, आणि दहाव्या ठिकाणचे रोप तरीही जळेल. म्हणूनच वेगळ्या रंगाच्या, उताराच्या किंवा क्षार दिसणाऱ्या भागाचा नमुना स्वतंत्र घेण्याची शिफारस असते. मिश्र नमुना समांगता गृहीत धरतो; ती सिद्ध करत नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षारसहिष्णू भातजाती विकसित केल्या आहेत.

गणित व भौतिकी

ज्या बहुपदीतील प्रत्येक पदाची कोटी समान असते तिला समघाती बहुपदी म्हणतात. उदाहरणार्थ, क्ष² + ३क्षय + य². भौतिकीतील समीकरणाच्या सर्व पदांच्या मिती सारख्या असाव्या लागतात. लांबीत वेळ मिळवता येत नाही.

विश्वरचनाशास्त्र

विश्व सर्व ठिकाणी समांगी व सर्व दिशांना सारखे आहे, हे आधुनिक विश्वरचनाशास्त्राचे मूळ गृहीतक आहे. ग्रह, तारे व दीर्घिका पाहता ते उघडच खोटे वाटते. परंतु काही दशकोटी प्रकाशवर्षे एवढा 'भाग' घेतल्यास घनतेतील फरक लहान होतात. हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड व फ्रेड हॉईल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्व काळातही एकसारखे मानले होते. कोल्हापूरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी हॉईल यांच्यासह या विचाराची दीर्घकाळ पाठराखण केली. सूक्ष्मतरंगी पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञांनी काळातील समांगता नाकारली, अवकाशातील कायम ठेवली.

समाज व राजकारण

माणसांच्या समूहाला एकजिनसी म्हणताना मापाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो, कारण त्यावरून सीमा आखल्या जातात. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सुचवले, की सुमारे ७० टक्के किंवा अधिक लोक एका भाषेचे असतील तरच राज्य एकभाषिक मानावे. सीमा ठरवताना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. १९५६ च्या पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा ही तत्त्वे पुढे केली. जिल्ह्याच्या मापावर कन्नडबहुल दिसणाऱ्या प्रदेशात खेड्याच्या मापावर मराठीबहुल पट्टे दिसतात. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने काही गावांच्या अदलाबदलीची शिफारस केली, परंतु बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला व २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

घटक आणखी लहान केला, तर 'मराठी' हे शीर्षकही एकजिनसी राहत नाही. पेण तालुक्यातील आगरी बोली, किनाऱ्यावरील कोळी बोली व डोंगरातील कातकरी बोली यांत शब्द, उच्चार आणि क्रियापदांची रूपे भिन्न आहेत.