धुराचा साक्षीदार

वाचकहो, चुलीपुढे बसलेली आई कधी मापे घेऊन बसते का? धूर काळा निघाला की ती फुंकणी उचलते. जाळ स्वच्छ लागला की फुंकणी बाजूला ठेवते. जळणाला हवा पुरते की नाही, हे तिला धूरच सांगतो. मोटारीचे इंजिन ही तर सगळीकडून बंद केलेली चूल. तिचा धूर पाहणार कोण? त्यासाठी माणसाने एक साक्षीदार नेमला. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. तो कसा आला, आणि त्याची साक्ष कशी घ्यावी, ते आज पाहू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरी. १९४३ च्या जुलै महिन्यात शहरावर धुरकट पडदा पसरला. डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. दिवस महायुद्धाचे, शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. पण शत्रू घरचाच होता. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, मोटारींच्या आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडले की त्यातूनच ओझोन तयार होतो.

१९७० साली अमेरिकेने हवेचा कायदा कडक केला. पुढे धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे, धूर निर्मळ करणारे भांडे बसू लागले. तीनही प्रकारचे घातक वायू एकाच भांड्यात निवळायचे, तर एक अट होती: वजनाने १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल, हे प्रमाण सारखे राखले पाहिजे. साध्या कार्बोरेटरला ते कसे जमावे?

उपाय जुन्या विज्ञानात सापडला. जर्मनीचे वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ साली विजेच्या दाबाचे एक समीकरण मांडले होते. झिर्कोनियाची चिनी माती तापली की तिच्यातून वीज वाहते, हेही त्यांना ठाऊक होते. तिचा त्यांनी दिवाच केला होता. त्याच मातीची, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी टोपी करून ती धुराच्या नळीत बसवली. आत बाहेरची हवा, बाहेरून धूर. दोन्हीकडच्या प्राणवायूत जितका फरक, तितकी वीज. धुरात प्राणवायू उरला नाही, तर सुमारे ०.९ व्होल्ट, पुष्कळ उरला, तर ०.१ च्या आसपास. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्व्हो मोटारींत प्रथम बसला, तोही कॅलिफोर्नियाच्या बाजारासाठी.

आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे मिसळलेले पेट्रोल कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारते. ते २००० साली देशभर बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले, आणि हा साक्षीदार गावातल्या मोटारसायकलीपर्यंत येऊन पोचला.

आता कामाची गोष्ट. गाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला यंत्र लावून म्हणतो, "सेन्सर गेला, बदला." काही हजार रुपये जातात, आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा लागतो! का बरे? कारण साक्षीदार खरे बोलत होता, आणि आपण त्यालाच फाशी दिली.

लक्षात ठेवा, सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त प्राणवायू पाहतो. त्याच्या अलीकडे नळीला भोक असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि तो "पेट्रोल कमी" असे सांगतो. प्लग नीट ठिणगी देत नसेल, तर न जळलेल्या पेट्रोलाबरोबर प्राणवायूही तसाच बाहेर पडतो. तेव्हाही साक्ष तीच!

म्हणून आधी जागा ओळखा. मोटारीत बहुधा दोन सेन्सर असतात: एक कन्व्हर्टरच्या अलीकडे, इंजिनाजवळ, दुसरा पलीकडे. पहिला मिश्रण पाहतो, दुसरा कन्व्हर्टरचे काम तपासतो. कोणाची तक्रार आहे, ते यंत्रावर कळते. मग इंजिन थंड असताना वायर पाहा. उंदराने कुरतडली असेल, नळीला चिकटून वितळली असेल. नंतर नळीचे सांधे, प्लग. मगच मीटर. इंजिन तापल्यावर साध्या जातीच्या पहिल्या सेन्सरचा काटा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली झाला पाहिजे. खालीच अडकला, तर जाणत्या मिस्त्रीकडून मिश्रणात जळण वाढवून पाहावे. व्होल्ट चढले, तर सेन्सर जिवंत आहे. दोष दुसरीकडे शोधा. नाही चढले, तरच तो बदला. नव्या मोटारींत रुंद पट्ट्याचे सेन्सर असतात. ते मात्र यंत्रावरच तपासावेत.

पण दिवा लागलाच आहे म्हणून तसेच गाडी हाकू नका. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरला तापवून जाळते, आणि तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो. शिवाय तो धूर शाळेच्या वाटेवरची आपलीच मुले घेतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात ज्वलन शिकवाल, तेव्हा चूल आणि मोटार शेजारी शेजारी मांडा. आणि मुलांना एवढे अवश्य सांगा: साक्ष आवडली नाही म्हणून साक्षीदार बदलू नये, आधी तो काय म्हणतो, ते ऐकावे.