छपाईची रांग अडली, तर...

वडगाव रासाई (ता. शिरूर) - खरिपाच्या पीककर्जाचे दिवस आले, की भीमाकाठच्या या गावासारख्या गावांत सेवा केंद्रांसमोर सातबारा आणि आठ-अ उताऱ्यांसाठी गर्दी होते. संगणक सुरू, इंटरनेट सुरू, प्रिंटरचा हिरवा दिवाही लागलेला. पण छपाईची आज्ञा दिली तरी कागद मात्र हलत नाही, हा अनुभव अनेक केंद्रचालकांच्या परिचयाचा आहे. यंत्र दुरुस्तीसाठी शिरूरला किंवा दौंडला न्यायचे, तर दिवस मोडतो आणि उताऱ्यासाठी थांबलेल्या शेतकऱ्याची बँकेची फेरी वाया जाते. वास्तविक बऱ्याचदा दोष प्रिंटरमध्ये नसतोच.

ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत संगणक व प्रिंटर पोचले, ते प्रामुख्याने २०११ मध्ये सुरू झालेल्या 'संग्राम' प्रकल्पामुळे. पुढे २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रे' आली. राज्य शासनाने १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिल्यानंतर तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी होणारा हेलपाटा वाचला. मात्र उतारा कागदावर उतरवण्याचे काम प्रिंटरकडेच राहिले.

बिघाड नेमका कोठे आहे, हे आधी ठरवावे. बहुतेक प्रिंटरना संगणकाविना चाचणी पान छापण्याची सोय असते. ते पान व्यवस्थित निघाले, तर यंत्र ठीक असून अडचण संगणकात किंवा मधल्या जोडणीत आहे, असे समजावे. पान निघालेच नाही, तर अडकलेला कागद, नीट न बसलेले झाकण वा कार्ट्रिज पाहावे. यूएसबी केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी.

आता मूळ मुद्दा. 'प्रिंट' म्हटल्यावर मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोज प्रणालीतील 'प्रिंट स्पूलर' ही सेवा तो आधी संगणकाच्या डिस्कवर फाइलच्या रूपात साठवते आणि रांगेने एकेक काम प्रिंटरकडे धाडते. रांगेतील एखादी फाइल वीज गेल्याने अर्धवट राहिली किंवा बिघडली, की तिच्या मागची सगळी कामे खोळंबतात. घाईला आलेला चालक अशा वेळी पुन्हापुन्हा 'प्रिंट' दाबतो आणि रांग आणखी लांबते. रांग मोकळी झाल्यावर त्याच उताऱ्याच्या दहा प्रती बाहेर पडतात, ते याचमुळे.

अडलेले काम रांगेच्या खिडकीतून रद्द करून पाहावे. ते 'डिलीटिंग' असे दाखवत तसेच राहिले, तर विंडोजचे बटण व 'आर' एकत्र दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' ही आज्ञा इंग्रजीत टंकित करावी. उघडलेल्या यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधून ती सेवा थांबवावी. त्यानंतर सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यातील सिस्टिम ३२, त्यातील स्पूल आणि त्यातील 'प्रिंटर्स' या फोल्डरमधील फाइल काढून टाकाव्यात. फोल्डर काढू नये, फक्त आतील फाइल काढाव्यात. मग सेवा पुन्हा सुरू करावी. हे काम पाच मिनिटांचे आहे. रांगेत आधीच्या ग्राहकांच्या आधार कार्डांच्या प्रतीही पडलेल्या असू शकतात. रांग साफ न करता प्रिंटर 'जागा' झाला, तर एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका असतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

रांग रिकामी असूनही छपाई होत नसेल, तर काम भलत्याच प्रिंटरकडे जात नाही ना, ते पाहावे. केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली, की विंडोज कधीकधी त्याच प्रिंटरची 'कॉपी १' नावाची दुसरी नोंद करते आणि कामे जुन्या, निर्जीव नोंदीकडे जात राहतात. 'यूज प्रिंटर ऑफलाइन' किंवा 'पॉज प्रिंटिंग' यांवर खूण असल्यास तीही काढावी. वाय-फाय प्रिंटरची गोष्ट वेगळी. वीज जाऊन आल्यावर राउटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये कायम करून ठेवणे, हा त्यावरचा उपाय.

याच स्पूलर सेवेत २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर सुरक्षात्रुटी उघडकीस आली होती. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली; पण त्या दुरुस्त्यांनंतर काही कार्यालयांतील सामाईक प्रिंटर जोडले जाईनासे झाले. तेव्हा एखाद्या अपडेटनंतर लगेच छपाई बंद पडली, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेऊन प्रिंटर पुन्हा बसवावा. इतर वेळी हा उपाय शेवटचा.

काही वेळा एकच पीडीएफ अडते, बाकी सर्व छापले जाते. मराठी अक्षरे तुटक उमटत असतील, तरीही ॲक्रोबॅट रीडरच्या 'ॲडव्हान्स्ड' विभागातील 'प्रिंट ॲज इमेज' हा पर्याय निवडल्यास काम होते. शुल्क भरून घेतलेला उतारा थेट छपाईला न पाठवता आधी संगणकावर जतन करावा, म्हणजे प्रिंटर रुसला तरी फाइल हाती राहते आणि ती पेन ड्राइव्हवर घेऊन शेजारच्या केंद्रातही छापता येते.

लेझर प्रिंटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. शाई कागदावर पक्की करणारा भाग तापताना बरीच वीज ओढतो. त्यामुळे असा प्रिंटर संगणकाच्या लहान यूपीएसवर जोडू नये. तो थेट भिंतीवरील खटक्यालाच जोडावा.