चित्र काढणाऱ्याचं नाव काय?

आमच्या खात्यात ताका उतरला की त्यावर गिरणीचा शिक्का पडतो. विणणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. जुन्या अमेरिकन कॉमिक्सचंही असंच होतं हे वाचलं, तेव्हा नवल वाटलं नाही. राग आला.

१९४० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सचे कारखानेच होते. एकजण पेन्सिलनं काढणार, दुसरा शाई फिरवणार, तिसरा अक्षरं लिहिणार. पानामागं मजुरी. मजुरी हातावर टेकवली की चित्र मालकाचं. नाव छापलंच तर पुष्कळदा बनावट. १९४७ साली 'फँटम लेडी' निघालं, त्यावर नाव होतं ग्रेगरी पेज. असा चित्रकारच नव्हता. चित्रं काढत होता मॅट बेकर, काळा माणूस, जन्म १९२१ चा. १९५९ साली मेला, चाळिशीही गाठली नाही. मोठा मान मिळाला २००९ साली, आयस्नरच्या यादीत. त्याच वर्षी त्याच यादीत कोण? ज्याच्या कारखान्यात तो राबला तो जेरी आयगर. मालक मेल्यावरही शेजारी येऊन बसतो, तो असा.

डोनाल्ड डकच्या पुस्तकांवर सही फक्त वॉल्ट डिस्नेची. पण पोरं हुशार. त्यांनी एका हाताची चित्रं वेगळी ओळखली. नाव ठाऊक नाही, म्हणून त्याला 'चांगला बदकवाला' म्हणू लागली. १९६० च्या सुमाराला पत्रं लिहून लिहून नाव काढलं : कार्ल बार्क्स. तो १९४२ पासून काढत होता.

हात ओळखतात कसा? चेहऱ्यावरून नाही, चेहरा तर मालक ठरवून देतो. कान बघायचे, बोटं बघायची, कापडाच्या चुण्या, सावलीच्या रेघा. जिथं चित्रकार बेसावध असतो तिथं तो सापडतो. तरी फसगत होते, कारण पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची. म्हणून मजुरीच्या वह्या, पत्रं, म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी ताडून बघाव्या लागतात. जेरी बेल्स आणि हेम्स वेअर यांनी अशी नावं गोळा करून १९७३ ते १९७६ मध्ये चार खंड काढले.

तारखेचंही तसंच. मुखपृष्ठावरचा महिना खोटा. विक्रेत्यानं अंक लवकर काढून टाकू नये म्हणून दोन-तीन महिने पुढचा छापत. खरी तारीख कॉपीराइटच्या सरकारी नोंदीत मिळते, नाहीतर दुकानदारानं पेन्सिलनं लिहिलेल्या आकड्यात.

आता आपल्या जवळचं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्सला अटक झाली. माँटगोमेरीच्या काळ्या माणसांनी ३८१ दिवस बस सोडली. त्या लढ्यावर डिसेंबर १९५७ मध्ये सोळा पानांचं कॉमिक निघालं, किंमत दहा सेंट. काढलं फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संघटनेनं. ते हातोहात फिरलं. जॉन लुईसनं तरुणपणी वाचलं आणि पुढं २०१३ पासून स्वतःच्या लढ्याचं 'मार्च' हे चित्रपुस्तक तीन भागांत काढलं. पण त्या सोळा पानांवर चित्रकाराचं नाव नव्हतं. किती वर्षं कुणाला पत्ताच नाही! शेवटी नाव निघालं साय बॅरी. १९६१ पासून वेताळ काढणारा. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला तोच वेताळ. म्हणजे तो हात आपल्या घरात येऊन गेला होता आणि आपण त्याला ओळखलं नाही.

दोस्तांनो, आता आपल्या ट्रंका उघडा. जलशाची पत्रकं, मोर्चाची हँडबिलं, भिंतीवरच्या चित्रांचे फोटो. किती जणांवर नाव आहे? किती जणांवर साल आहे? तिथं तर मालक नव्हता. आपणच लिहिलं नाही. घाई होती, पोलीस होते, कागद कमी होता, सगळं कबूल. पण पन्नास वर्षांनी कुणीतरी आपल्या रेघा, आपली अक्षरं भिंगातून बघत बसणार, हे कशाला?

येत्या रविवारी म्हाताऱ्यांकडे बसा. एकेक कागद दाखवा, विचारा : हे कुणाचं? कधीचं? मागं पेन्सिलनं लिहून ठेवा. आणि पुढच्या अंकावर तारीख घाला, लिहिणाऱ्याचं नाव घाला, चित्रवाल्याचं घाला, स्टेन्सिल कापणाऱ्याचंही घाला.