डिसेंबर १२

डिसेंबर १२ हा ग्रेगरी दिनदर्शिकेनुसार वर्षातील ३४६ वा किंवा लीप वर्षात ३४७ वा दिवस असतो. या दिवसानंतर वर्ष संपण्यास १९ दिवस उरतात.

महाराष्ट्रात हा दिवस मुख्यतः हुतात्मा बाबू गेनू यांचा स्मृतिदिन म्हणून, तसेच शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांचा जन्मदिवस म्हणून ओळखला जातो.

पुणे जिल्ह्याशी संबंध

पुणे जिल्ह्याच्या दोन टोकांशी ही तारीख जोडलेली आहे. उत्तरेकडील आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे बाबू गेनू सैद यांचे गाव, तर आग्नेयेकडील बारामती हे शरद पवार यांचे जन्मस्थान आहे.

बाबू गेनू यांचा जन्म १९०८ मध्ये गरीब शेतकरी कुटुंबात झाला. पोटापाण्यासाठी ते मुंबईस गेले व तेथे कापड गिरणीत कामगार म्हणून राबू लागले. सविनय कायदेभंगाच्या काळात ते काँग्रेसचे स्वयंसेवक होते. १२ डिसेंबर १९३० रोजी, शुक्रवारी, काळबादेवी भागातून परदेशी कापडाने भरलेली मालमोटार पोलीस बंदोबस्तात बाहेर काढण्यात येत होती. ती अडवण्यासाठी स्वयंसेवक रस्त्यावर उतरले आणि बाबू गेनू गाडीपुढे आडवे झाले. प्रचलित वृत्तांतानुसार भारतीय चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिला, तेव्हा इंग्रज सार्जंटने स्वतः गाडी चालवून त्यांच्या अंगावरून नेली. सरकारने मात्र हा अपघात असल्याचे म्हटले. त्याच दिवशी बाबू गेनू यांचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. ज्या गिरणी कामगारांची उपजीविका कापडावर चालत असे, त्यांच्यापैकीच एकाने कापडाच्या प्रश्नावर प्राण दिल्यामुळे स्वदेशीच्या चळवळीत या घटनेला विशेष स्थान मिळाले.

बारामतीच्या पवार कुटुंबात आई व मुलगा या दोघांची जन्मतारीख १२ डिसेंबर हीच आहे. शारदाबाई गोविंदराव पवार यांचा जन्म १९११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील गोलिवडे येथे झाला. त्यांचे शिक्षण पुण्याच्या सेवासदनात झाले. स्त्रियांनी सार्वजनिक कामात भाग घेणे अपवादात्मक होते, त्या काळात, १९३८ मध्ये, त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. शरद पवार यांनी सांगितल्याप्रमाणे, ते तीन दिवसांचे असताना शारदाबाई त्यांना सोबत घेऊन लोकल बोर्डाच्या बैठकीस हजर राहिल्या होत्या. बारामतीजवळील शारदानगर या शैक्षणिक परिसराला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली.

बारामती आणि त्यालगतचा इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे येथील कालव्याखालच्या भागात उसाची शेती वाढली व तिच्याबरोबर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील छत्रपती हे त्यांपैकी प्रमुख कारखाने होत. कालव्याखालची बागायत व त्याबाहेरची जिरायत यांतील तफावत हा या परिसराच्या राजकारणातील कायमचा प्रश्न राहिला आहे. शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून प्रथम विधानसभेवर व १९८४ मध्ये प्रथम लोकसभेवर निवडून गेले. इंदापूर विधानसभा मतदारसंघ हा बारामती लोकसभा मतदारसंघाचाच भाग आहे.

ठळक घटना आणि घडामोडी

अठरावे शतक
१७८७ - पेनसिल्व्हेनियाने अमेरिकेच्या संविधानाला मान्यता दिली. असे करणारे ते दुसरे राज्य ठरले.

विसावे शतक
१९०१ - गुल्येल्मो मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला बिनतारी संदेश न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे ग्रहण केला. इंग्लंडमधील पोल्डू येथून पाठवलेला हा संदेश म्हणजे मोर्स लिपीतील 'एस' हे अक्षर होते.
१९११ - दिल्ली दरबारात सम्राट पाचवे जॉर्ज यांनी भारताची राजधानी कोलकात्याहून दिल्लीस हलवण्याची आणि १९०५ ची बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा केली. दरबारासाठी येताना सम्राट मुंबईत अपोलो बंदरावर उतरले होते. त्याच्या स्मरणार्थ पुढे गेटवे ऑफ इंडिया बांधण्यात आले.
१९३० - मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडवताना बाबू गेनू हुतात्मा झाले.
१९३६ - शीआन घटना: चिनी सेनानी चांग श्वेल्यांग यांनी च्यांग कै-शेक यांना ताब्यात घेतले. यातून जपानविरुद्ध राष्ट्रवादी व साम्यवादी पक्षांच्या एकत्र येण्याचा मार्ग खुला झाला.
१९६३ - केनियाला युनायटेड किंग्डमपासून स्वातंत्र्य मिळाले. पुढच्या वर्षी याच दिवशी केनिया प्रजासत्ताक झाले.
१९८५ - अमेरिकी सैनिकांना मायदेशी घेऊन जाणारे विमान न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे कोसळले. विमानातील सर्व २५६ जण मृत्युमुखी पडले.
१९८८ - लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ झालेल्या रेल्वे अपघातात ३५ ठार.
१९९५ - संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तुर्कमेनिस्तानच्या कायमस्वरूपी तटस्थतेला मान्यता दिली.
२००० - अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे फ्लोरिडातील फेरमतमोजणी थांबली व जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा मार्ग मोकळा झाला.

एकविसावे शतक
२०१२ - सर्वांसाठी आरोग्यसेवेचा पुरस्कार करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केला.
२०१५ - हवामानबदलाविषयीचा पॅरिस करार स्वीकारण्यात आला. जागतिक तापमानवाढ २ अंश सेल्सियसच्या बरीच खाली ठेवणे व ती १.५ अंशांपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.
२०१९ - नागरिकत्व (सुधारणा) विधेयकाला भारताच्या राष्ट्रपतींची संमती मिळाली.
२०२४ - भारताचे डी. गुकेश यांनी सिंगापूर येथे चीनचे डिंग लिरेन यांना ७.५-६.५ असे हरवून बुद्धिबळाचे विश्वविजेतेपद मिळवले. वयाच्या १८ व्या वर्षी ते सर्वांत तरुण विश्वविजेते ठरले.

जन्म

१७३१ - इरॅस्मस डार्विन, इंग्लिश वैद्य व निसर्गवैज्ञानिक; चार्ल्स डार्विन यांचे आजोबा.
१८२१ - गुस्ताव्ह फ्लोबेर, फ्रेंच कादंबरीकार.
१८६३ - एडवर्ड मुंक, नॉर्वेजियन चित्रकार.
१८७२ - बाळकृष्ण शिवराम मुंजे, हिंदू महासभेचे नेते. नाशिक येथील भोसला सैनिकी शाळेचे संस्थापक.
१९०५ - मुल्कराज आनंद, इंग्रजीतून लिहिणारे भारतीय कादंबरीकार. त्यांचे निधन २००४ मध्ये पुणे येथे झाले.
१९११ - शारदाबाई पवार, पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्या.
१९१५ - फ्रँक सिनात्रा, अमेरिकन गायक व अभिनेता.
१९२७ - रॉबर्ट नॉइस, अमेरिकन अभियंता; इंटेलचे सहसंस्थापक.
१९४० - शरद पवार, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. १९७८ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी ते प्रथम मुख्यमंत्री झाले. २००४ ते २०१४ या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते. २०१७ मध्ये पद्मविभूषण.
१९४९ - गोपीनाथ मुंडे, महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री व केंद्रीय ग्रामविकासमंत्री. जन्म नाथ्रा, जिल्हा बीड. केंद्रात मंत्री झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीतील मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.
१९५० - रजनीकांत (शिवाजीराव गायकवाड), तमिळ चित्रपट अभिनेते. जन्म बंगळूर येथील मराठी कुटुंबात. त्यांचे पूर्वज पुरंदर तालुक्यातील मावडी कडेपठारचे असल्याचे सांगितले जाते.
१९८१ - युवराज सिंग, भारतीय क्रिकेट खेळाडू. २०११ च्या विश्वचषक स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू.

मृत्यू

१८४३ - विल्यम पहिला, नेदरलँड्सचा राजा.
१८८९ - रॉबर्ट ब्राउनिंग, इंग्लिश कवी.
१९३० - बाबू गेनू सैद, भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा.
१९३९ - डग्लस फेअरबँक्स, अमेरिकन अभिनेता.
१९६४ - मैथिलीशरण गुप्त, हिंदी कवी.
१९९२ - पं. महादेवशास्त्री जोशी, मराठी लेखक व भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक.
१९९९ - जोसेफ हेलर, अमेरिकन कादंबरीकार.
२००५ - रामानंद सागर, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका दिग्दर्शक.
२०१२ - नित्यानंद स्वामी, उत्तराखंडचे पहिले मुख्यमंत्री.
२०२० - जॉन ल कारे, इंग्लिश कादंबरीकार.

प्रतिवार्षिक पालन

स्वदेशी दिन - बाबू गेनू यांच्या स्मरणार्थ भारतातील स्वदेशी संघटनांकडून पाळला जातो.
आंतरराष्ट्रीय सार्वत्रिक आरोग्यसंरक्षण दिन - संयुक्त राष्ट्रे.
आंतरराष्ट्रीय तटस्थता दिन - संयुक्त राष्ट्रे.
जम्हुरी दिन - केनिया.
ग्वादालूपे मातेचा सण - मेक्सिको.

डिसेंबर १० - डिसेंबर ११ - डिसेंबर १२ - डिसेंबर १३ - डिसेंबर १४ (डिसेंबर महिना)